शाळा बंद ठेवणाऱ्या कुसुमताई

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात होते. मुलं पाढे म्हणत होती, म्हणून मी फोन कट केला, तर लगेच पुन्हा वाजला. प्रज्ञा म्हणजे कुसुमताई साळव्यांची मुलगी, संभाजीनगरला बँकेत असते. शाळेच्या वेळात फोन करायचा नाही ही शिस्त तिला आईनेच लहानपणी लावलेली, त्यामुळे दुसऱ्यांदा वाजल्यावर मी मुलांना पाढे चालू ठेवायला सांगितलं. व्हरांड्यात येऊन फोन घेतला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. आदल्या दिवशीच ताई लेकीकडे गेल्या होत्या. सकाळी चहा झाला, कप विसळायला म्हणून उठल्या आणि स्वयंपाकघरातच खाली बसल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी वर्गात परत गेले. पाढा कुठवर आला होता ते मला आठवेना, मुलांनीच सांगितलं. "म्हणा पुढं," मी म्हणाले, आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले...

त्याला आता काही आठवडे झाले. अजूनही रोज सकाळी भोकरदनहून निघताना स्कूटीच्या मागच्या सीटवर थोडं वजन कमी आहे असं मला वाटतं. खरं तर ताई निवृत्त होऊन बरेच दिवस झालेत, पण सवय मोडत नाही. आमच्या शाळेचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे आत वळून आहे, लहानसं. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, आम्ही चार शिक्षक. दोघे गुरुजी जालन्याहून यायचे, आम्ही दोघी भोकरदनहून. ताई मुख्याध्यापक होत्या आणि मी नवखी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "गाडी येते का तुला? मंग माझी बसची कटकट मिटली." स्वतः का शिकत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "एकदा शिकायला गेल्ते. समोरून म्हैस आली, ती मला पाहून नालीत पडली. म्हशीच्या जिवासाठी सोडून दिलं बघ." असं काही बोलल्या की आधी स्वतःच इतक्या मोठ्यांदा हसायच्या, की विनोद बरा होता की वाईट याचा विचार करायला सवड मिळायची नाही. सगळ्या रस्त्याभर मागून सूचना चालू असायच्या. खड्डा आहे, हॉर्न दे, त्या पिंपळाखाली कुत्र्याची पिल्लं आहेत, सावकाश घे. त्यांचे यजमान, साळवे भाऊजी, एसटीत कंडक्टर होते. ते म्हणायचे, "आमची ही मागं बसून गाडी चालवती."

साथ आली म्हणून शाळा बंद करायचा आदेश आला त्या मार्च महिन्यात पोरांनी जो आनंद केला, तो मला अजून दिसतो. परीक्षा नाही, अभ्यास नाही, दप्तरं डोक्यावर घेऊन नाचत गेली सगळी. आम्हालाही वाटलं होतं, पंधरवड्याचा प्रश्न आहे. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. उन्हाळा गेला, पाऊस पडून पेरण्या झाल्या, आणि आमच्या गावात एकही माणूस आजारी नव्हता. मुलं मिरच्या तोडायला जाऊ लागली. हिरव्या मिरचीने हाताची आग व्हायची, त्याच हाताने डोळे चोळायची आणि रडत बांधावर बसायची. आयाबाया वैतागल्या होत्या. एक दिवस आम्ही पोषण आहाराचा तांदूळ वाटायला गेलो, तेव्हा पंधरा-वीस माणसं शाळेच्या लिंबाखाली जमली. पुढे रामकिसन होता. रामकिसन जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला. तिकडेच चौघांत खोली करून राहायचा आणि सुट्टीला मोटरसायकलवर गावी यायचा. त्याची थोरली पोरगी आरती आमच्याकडे नुकतीच सातवीत आली होती, पोरगी मोठी तल्लख.

"बाई, गावात एक बी पेशंट न्हाई," तो म्हणाला. "उघडून टाका शाळा. पोरं सगळं इसरून राह्यले."

"आदेश नाही, रामकिसनभाऊ," ताई म्हणाल्या.

"आदेश तिकडं मुंबईत. इथं कोण पाहून राह्यलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "यांचं काय, पगार चालूच हे घरबसल्या." माझा चेहरा उतरला. ताई मात्र तांदळाचं माप हातात तसंच धरून शांतपणे बोलल्या. "पोरांना काही होणार नाही, हे मलाबी माहीत हे. पण पोरं संध्याकाळी घरी जातात ना? घरात म्हातारी माणसं आहेत. तुमचे आबा आहेत. उद्या वरून आदेश आला, तरी मी आधी चार दिवस थांबून बघीन. मला शिव्या द्या, चालतील." शिव्या कुणी दिल्या नाहीत, पण तांदूळ घेऊन जाताना कुणी आमच्याशी बोललंही नाही.

परतताना मागून ताईंच्या सूचना बंद होत्या. खड्डासुद्धा सांगितला नाही. एका पुलाजवळ म्हणाल्या, "थांबव जरा." खाली उतरून कठड्याला टेकल्या आणि मला एक गोष्ट सांगितली. त्या दुसरीत होत्या तेव्हा त्यांच्या गावात गोवर आला होता. वर्गात एकेक मूल पडत होतं, पण शाळेची तपासणी होणार म्हणून मास्तरांनी शाळा चालूच ठेवली. घरोघर निरोप पाठवून पोरं बोलावली. कुसुमला गोवर आला आणि आठ-दहा दिवसांत ती बरी झाली. तिचा धाकटा भाऊ मिलिंद अजून शाळेत जातच नव्हता. तिच्याच गोधडीत झोपायचा. त्याला झाला तो छातीत उतरला... "शाळेत तो कधी गेलाच नाही बघ," ताई म्हणाल्या, "शाळा त्याच्याकडं आली, माझ्या अंगावर बसून." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चल. हे कुणाला सांगू नको. उगं लोकांना वाटंल, बाई रडून शाळा बंद ठेवती."

घरी बसणं मात्र त्यांना जमणारं नव्हतं. फोनवरचा अभ्यास आमच्या गावात नावापुरताच. फोन होते ते बापांच्या खिशात, आणि बाप कामावर. त्यांनी ठरवलं, मुलांना शाळेत आणायचं नाही, तर शाळेने गल्लीत जायचं. मुलांनी आपापल्या ओट्यावर बसायचं, आम्ही रस्त्यावर उभं राहून शिकवायचं. पहिल्या आठवड्यातच दोघींचे घसे बसले. मग त्यांची नजर मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावर गेली. देवळाची किल्ली रामकिसनच्या वडिलांकडे, काशिनाथआबांकडे असायची. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताई बौद्ध. एवढ्या वर्षांत गावात त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण बोलायची वेळही कधी आली नव्हती. त्या देवळाच्या पायरीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आबा, माईकची वायर पारापर्यंत येईल का?"

आबा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. थोडा वेळ त्यांनी ताईंकडे पाहिलं. "वायर कशाला वढायची? माईक आत हे. तुमी आत या."

ताई क्षणभर घुटमळल्या, मग चपला काढून आत गेल्या. घरी जाताना स्कूटीवर मागून आवाज आला, "वैशाली, आमच्या आजीला असल्याच एका पायरीवरून हाकललं होतं. आणि मी आज आत जाऊन सात सक बेचाळीस म्हणून आले." आणि मग ते हसू. त्या हसण्याने गाडी हलली अक्षरशः.

पुढचे कित्येक महिने आमची शाळा अशी भोंग्यातून भरली. सकाळी ताई माईकवर धडा सांगायच्या, मी गल्लीतून फिरून मुलं काय लिहितायत ते लांबून बघायची. गावातल्या म्हाताऱ्या भाकरी थापता थापता कविता म्हणायला लागल्या. ताई माईकवरून पोरांना नावानिशी दम द्यायच्या. "चौथीचा गणेश, गोधडीतून बाहेर निघ, मला इथून दिसून राह्यलं." देवळातून त्यांना गणेशच काय, त्याचं घरसुद्धा दिसत नव्हतं. पण गणेश उठायचा, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन-तीन घरचे झोपलेले नवरेही उठायचे. आबा रोज देवळाच्या ओट्यावर लांब बसून ऐकायचे. एकदा त्यांनी ताईंना विचारलं, "बाई, ही पृथ्वी फिरती म्हंता, मंग हिरीतलं पाणी सांडत कसं न्हाई?" ताईंनी दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास माईकवरून त्याच प्रश्नावर घेतला, आणि प्रश्न कुणाचा ते सगळ्या गावाला सांगितलं. आबा दोन दिवस छाती काढून चालत होते.

मधे थोडे दिवस वरचे वर्ग उघडले. मुलं वर्गात येऊन बसली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण आजार पुन्हा वाढला आणि शाळा पुन्हा बंद झाल्या. तेवढ्यात आरती ओट्यावर दिसेनाशी झाली. दोन दिवसांनी तिच्या आईने हापशापाशी हळूच सांगितलं, "बाई, लगीन ठरलं तिचं. वैशाखात." आरतीला तेव्हा तेरावं सरून चौदावं लागलेलं. ताई तशाच रामकिसनच्या दारात गेल्या. तो घरीच होता.

"खर्चा कमी येऊन राह्यला बाई," तो नजर चुकवत म्हणाला. "पन्नास माणसात लगीन. पुन्हा असा मोका न्हाई. मुलगा बरा हे."

"ती लहान आहे, भाऊ."

तेव्हा त्याने मान वर केली. "शाळा कोणी बंद ठिवली? तुमी. मी हात जोडले व्हते त्या लिंबाखाली. आता पोरगी घरी बसून राह्यली, जवान होऊन राह्यली, मी तिकडं जालन्यात. तिच्यावर ध्यान कोण देणार, तुमी?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या काहीतरी ठणकावून बोलतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. मीच बंद ठेवली." पुढे म्हणाल्या, "पण हे लग्न लावाल, तर मी स्वतः तक्रार करीन. मागून नाही करणार. आधी तुमच्या दारात येऊन सांगीन आणि मग करीन." रामकिसनने दार लावून घेतलं. आमच्या तोंडावर. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आबा बसले होते. त्यांनी काठी उचलून बंद दाराकडे रोखली आणि म्हणाले, "जा तुमी बाई. मी हाये तवर न्हाई व्हायचं हे."

त्यानंतर महिन्याभरात आजार आमच्या गावात आला. पहिल्या वेळी ज्याने गावाला शिवलंसुद्धा नव्हतं, तो आता गल्लीगल्लीत शिरला. भोंगाही बंद झाला, कारण पोरांना ओट्यावर बसवायलाही कुणी तयार नव्हतं. कारखान्यात रामकिसनच्या खोलीतला एक जण तापला, म्हणून रामकिसन गावी निघून आला. त्याला नुसती कणकण होती. आठवड्याने आबांना धाप लागली. भोकरदनला नेलं, तिथून जालन्याला. आबा परत आले नाहीत. गावाला त्यांचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

मला खरं सांगायचं तर आबांच्या दुःखाबरोबरच माझ्या मनात पहिला विचार आरतीचा आला होता. आता त्या घरात लग्न अडवणारं कुणी उरलं नव्हतं. ताईंच्या मनातही तोच असणार असं मी धरून चालले होते. घरची माणसं बरी होऊन फिरायला लागली तसं ताई म्हणाल्या, "चल." आम्ही मास्क लावून रस्त्यावरच उभ्या राहिलो. रामकिसन ओट्यावर बसला होता, डोक्यावरचे केस काढलेले. आबांची काठी भिंतीला टेकवलेली. तो उठला नाही. "मीच आनला बाई घरी," म्हणाला. "मला काईच न्हाई झालं. आबाला घेऊन गेला."

ताई पुढे गेल्या. लांब राहायचा नियम सगळ्या गावाला माईकवरून घोकून घेणाऱ्या ताई, त्या ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. आणि त्यांनी त्याला मिलिंदची गोष्ट सांगितली. पुलावर मला सांगितली होती तीच, पण यावेळी पुढचं सगळं सांगितलं. आईने त्यांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही, तरी मोठं होईपर्यंत त्या स्वतःच्या अंगावर पांघरूण घेऊन झोपल्या नाहीत. थंडीत आजी गुपचूप येऊन गोधडी टाकायची. "एक दिवस आजी म्हणाली, पोरी, तू शाळेत गेल्ती, आजार आणायला न्हाई गेल्ती. तेवढं ऐकायला मला कितीक वर्षं लागले, भाऊ. तुम्हाला लागू नयेत म्हणून आज आले. तुम्ही कामाला गेल्ते. आजार आणायला नव्हते गेल्ते." रामकिसन दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. आतून आरती पाणी घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, डोक्यानेच "बरी आहेस ना?" विचारलं, आणि उठल्या. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही. परतताना मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, आरतीचं बोलायचं राहिलं." त्या म्हणाल्या, "आज त्याचा बाप गेल्याचं बोलायला गेल्तो आपण. दोन्ही एका वेळी नाही बोलता येत."

वैशाख सरला. पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी रामकिसनचाच फोन ताईंना आला. आरतीचं नाव पिंपळगावच्या हायस्कुलात घालायचं तर दाखला कधी मिळेल, असं विचारत होता. ताईंनी त्याला हवी ती उत्तरं दिली, फोन ठेवला, आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मी गाडी चालवत होते, पडता पडता वाचलो दोघी.

शाळा उघडली तेव्हा सगळं गोड झालं असं नाही. ऊसतोडीला गेलेली दोन भावंडं परत आलीच नाहीत. पहिलीत असताना घरी गेलेली पोरं तिसरीत येऊन बसली, आणि त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. त्यातल्या एकाने ताईंना विचारलं, "बाई, तुमी भोंग्यातल्या का?" त्या हसल्या खऱ्या, पण लगेच त्याचा हात धरून पाटीवर त्याचं नाव गिरवायला बसल्या. निवृत्त होईपर्यंतची उरलेली सगळी वर्षं त्यांनी त्याच मुलांना दिली. शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन बसायच्या आणि मी स्कूटीला टेकून वाट बघायची. मागे दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. म्हणाल्या, "बंद केली ते बराबर होतं. मला पुन्हा विचारलं तर पुन्हा बंद करीन. पण उघडायला उशीर झाला, ते बिलकुल बराबर नव्हतं. लोक मला म्हणतात, दोन्हीतलं एक काहीतरी सांगा. कसं सांगू?" आणि मग, चिवडा घे, चिवडा घे, असं सुरू झालं. तीच आमची शेवटची भेट ठरली.

भोकरदनच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. रामकिसन आला होता, आरतीही. ती आता भोकरदनलाच बी.कॉम. करते, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी चालू आहे म्हणाली. बोलायला उभं राहा म्हणून रामकिसनला आग्रह झाला. तो उठला, माईकपाशी गेला, आणि म्हणाला, "बाईंनी माझ्यासमोर माझी चूक कधी काढली न्हाई. काढायला जागा लय व्हती." आणि जागेवर जाऊन बसला. वंदना झाली, खीर वाटली, पांगापांग झाली.

परवा रविवारी मी ताईंच्या घरी गेले, भाऊजींना भेटायला. दुपार होती. त्या घराचं पुढचं दार सताड उघडं होतं, वारा सरळ आतपर्यंत येत होता, आणि रस्त्यावरची सगळी धूळ फरशीवर. शाळा उघडल्यापासून ताईंनी ते दार दिवसा कधी लावलं नव्हतं म्हणे. गल्लीतल्या पोरांनी केव्हाही यावं, बसावं, वाचावं. धूळ येते, मांजरं येतात, म्हणून भाऊजी रोज भांडायचे. मी सवयीने दार लोटायला गेले, तर भाऊजी आतून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. माझीच झोपमोड होती दार लावलं की." मी चहा ठेवला. तेवढ्यात शेजारची एक छोटी मुलगी न विचारता आत आली. चपला काढल्या, कपाटातून तिचं पुस्तक घेतलं आणि भिंतीशी मांडी घालून बसली. भाऊजींनी चष्मा लावला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि एसटीत पुढं सरका म्हणायचे त्याच खणखणीत आवाजात विचारलं, "हां, कुठवर आल्तो आपण?"

"आपण न्हाई," ती म्हणाली, "मी आणि आजी." आणि तिने बोट ठेवून पान दाखवलं. भाऊजींनी तिथून वाचायला सुरुवात केली.